करवतीला बोट कळतं कसं? आणि अशा मशीनला पास कोण करतं?

निवळीकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा चिपळूणजवळचा, गेली नऊ वर्षं ओहायोत आहे. आमच्याकडे सुतारकाम पिढीजात, वडील मिस्त्री, आता धाकटा भाऊ गावी वर्कशॉप बघतो. वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेराशीच संपतात. मी दुसरीत होतो, फणसाची फळी चिरत होते, आईने हळद दाबून पंचा गुंडाळला आणि रिक्षा मिळेपर्यंत आम्ही रस्त्यावर उभे होतो, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वडील मात्र पंधरा दिवसांत परत करवतीवर.

आता मला इथे गॅरेजमध्ये टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येतं ती करवत, घ्यायचीय. पोरगी तीन वर्षांची आहे, बायकोने एकच सांगितलं की बोट लागल्यावर थांबणारा घे नाहीतर घेऊच नकोस. फिरत्या पात्याला बोटाऐवजी सॉसेज लावून दाखवायचे ते व्हिडिओ मी पण पाहिलेत, पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही, आतमध्ये काय होतं ते कळल्याशिवाय मला त्या मशीनसमोर उभं राहायचं नाहीये. लाकडात पण ओल असते, बोटात पण पाणीच असतं, मग करवतीला फरक कळतो कसा? पात्यात करंट सोडलेला असतो म्हणतात, तो आपल्याला लागत नाही का? मी गॅरेजमध्ये रबरी चप्पल घालून असतो, मग सर्किट पूर्ण होणार कसं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे "चालतं" असं कोण ठरवतं, सरकार का कंपनी स्वतःच? एवढं चांगलं चालत असेल तर सगळ्याच सॉवर का नाहीये?

भावाच्या वर्कशॉपमध्ये असं काही बसवता येईल का तेही सांगा.

सोल्डरगन
निवळीकर, आधी वडिलांना नमस्कार सांगा. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, सुतारकामातलं मला काही कळत नाही, पण सेन्सिंग हा माझा रोजचा विषय आहे आणि या मशीनची पेटंटं मी खूप आवडीने वाचलीत, तेव्हा तेवढा भाग सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे करवतीला "कातडी" कळत नाही. तिला कळतं की आपल्याला आत्ता काहीतरी मोठं जोडलं गेलं. मोठं म्हणजे विजेच्या हिशोबाने मोठं. आपलं अख्खं शरीर हे एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारी वस्तू आहे, शाळेत धारिता शिकलो ना तीच, साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास धरतात. मोबाईलच्या स्क्रीनवर बोट ठेवलं की कळतं, बोटाने लागणारा टेबल लॅम्प असतो, त्यांचं तत्त्व हेच. कोरडं लाकूड मात्र वीज वाहून नेत नाही आणि त्याची साठवणही अगदी कमी, त्यामुळे पातं लाकडातून जातं तेव्हा सिग्नलमध्ये फारसा फरक पडत नाही.

आता सिग्नल कुठून येतो. पातं आणि त्याचा शाफ्ट बाकीच्या मशीनपासून प्लास्टिकच्या बुशांनी वेगळा केलेला असतो, म्हणजे पातं विजेच्या दृष्टीने अधांतरी लटकत असतं. शाफ्टजवळ दोन इलेक्ट्रोड असतात, ते फिरत्या भागाला चिकटत नाहीत, मध्ये थोडी हवा ठेवलेली असते. एक इलेक्ट्रोड पात्यावर अगदी थोड्या व्होल्टचा हाय फ्रिक्वेन्सीचा सिग्नल चढवतो आणि दुसरा तो परत ऐकत बसतो. तुम्ही हात लावला की सिग्नलचा काही हिस्सा तुमच्या शरीराकडे ओढला जातो आणि ऐकणाऱ्याला तो एकदम बारीक झालेला दिसतो. करंट इतका क्षुल्लक असतो की तुम्हाला काहीच जाणवणार नाही, शॉकचा प्रश्नच नाही.

चपलेचं उत्तर पण यातच आहे. घरात शॉक लागला की वीज तोडणारा ईएलसीबी असतो त्याला ३० मिलीअँपियर गळती लागते, म्हणजे करंट तुमच्यातून जमिनीत जावा लागतो. इथे तसं काही नाही. तुमचं शरीर "साठवायला" जागा देतं एवढंच पुरतं, जमिनीपर्यंत तारेसारखा रस्ता लागत नाही. रबरी चप्पल, लाकडी पाट, काहीही असू दे, ओळखतं.

आता मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते सांगतो. फिरतं पातं बोटाला सलग लागत नाही, दात्या-दात्याने लागतं. हिशोब करा, १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे, म्हणजे दात्याचा वेग सेकंदाला ५३ मीटर, ताशी १९० किमीच्या वर. ३६ दाते असतील तर दोन दात्यांत साधारण २२ मिमी अंतर पडतं. बोटाच्या टोकाचा ६ मिमी भाग जरी पात्याला लागला तरी एक दाता फक्त ०.११ मिलीसेकंद लागून जातो आणि पुढचा ०.४ मिलीसेकंदाने येतो. म्हणजे स्पर्श, मोकळं, स्पर्श, मोकळं. सर्किटला एवढ्या तुटक खुणांतून ठरवायचंय की हे बोट आहे, आणि ते दोन-चार दात्यांच्या आत. ओलसर लाकडात सिग्नल हळूहळू खाली सरकतो, बोटाने तो झटक्यात पडतो, तिथला प्रोसेसर या दोघांतला फरक शोधत असतो.

ओळखल्यावर थांबवायचं काम मात्र पूर्ण यांत्रिक आहे. पात्याच्या मागे कार्ट्रिजमध्ये ॲल्युमिनियमचा ठोकळा, हाच ब्रेक, एका दणकट स्प्रिंगवर ताणून धरलेला असतो, आणि त्याला धरून ठेवते एक बारीक तार. कार्ट्रिजमधला कपॅसिटर त्या तारेतून एकदम रिकामा होतो, तार वितळते, स्प्रिंग सुटते, ठोकळा थेट पात्याच्या दात्यांत घुसतो. ५ मिलीसेकंदाच्या आत पातं थांबतं, आणि त्या धक्क्यानेच अख्खं पातं टेबलाखाली खेचलं जातं. मोटरही बंद होते. पूर्ण वेगात असतं तर ५ मिलीसेकंदात पातं एक तृतीयांश फेरा फिरलं असतं, यावरून अंदाज येईल.

कार्ट्रिज गेलं, पातं पण बहुतेक गेलंच. शंभर डॉलरच्या आसपासचं कार्ट्रिज आणि वर पात्याची किंमत. बोटापुढे काहीच नाही.

रंधेवाला
सोल्डरगन यांनी छान सांगितलं. मी मिशिगनमध्ये आहे, आमच्या भागातल्या वुडवर्किंग क्लबात असं मशीन आहे आणि मी सहा वर्षं त्यावर काम करतोय. वापरणाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

मशीन चालू करताना आधी ते स्वतःलाच तपासतं. कार्ट्रिज नीट बसलंय का, ठोकळा आणि पातं यात अंतर बरोबर आहे का, पात्यावर सिग्नल येतोय का. काही चुकलं असेल तर लाइट लुकलुकतो आणि मोटर सुरूच होत नाही. आणि हे फार लोकांना माहीत नसतं, स्विच बंद केल्यावर पातं गरगरत थांबेपर्यंत जे काही सेकंद जातात ना, त्यातही संरक्षण चालू असतं. माझ्या मते हा मोठाच फायदा, कारण "बंद केलंय आता" म्हणून तुकडा उचलायला हात जातो तो नेमका तेव्हाच.

ओलीचं म्हणाल तर मी स्वतः एकदा चूक केली. डेकसाठी प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं, लाकूड आणलं, दुकानाच्या आवारात पावसात भिजलेलं होतं, हाताला जड लागत होतं तरी मी चिरायला घेतलं. मध्यावर बंदुकीसारखा आवाज झाला आणि पातं गायब. क्षणभर मी दोन्ही हातांची बोटं मोजली. सगळी होती. कार्ट्रिज आणि नवीन पातं मला भरून द्यावं लागलं आणि द्यायलाच हवं होतं, कारण सूचना मशीनवर चिकटवलेली होती. तेव्हापासून मी फळी दोन आठवडे पट्ट्या टाकून सुकवतो मगच हात लावतो.

ओल्या लाकडासारखंच धातू, कार्बन फायबर, फॉइल लावलेले बोर्ड, आरशासारखं ॲक्रिलिक, यांनी पण ब्रेक पडतो. त्यासाठी बायपासची किल्ली असते, ती फिरवून मशीन सुरू केलं तर ब्रेक पडत नाही, फक्त त्या एका वेळेपुरतं, बंद केलं की परत संरक्षण चालू. शंका असेल तर बायपासमध्ये एक छोटा काप घ्या, लाइट सांगतो की नेहमीसारखं चालवलं असतं तर ब्रेक पडला असता की नाही. फळीत खिळे, स्टेपल, जुन्या फर्निचरचे स्क्रू आधी शोधून काढा. आणि बायपासमध्ये तुमच्यासमोर फिरतंय ते साधं पातं आहे, वडिलांच्या करवतीसारखंच, हे लक्षात असू द्या.

हातमोजे घालू नका. मोजा वीज अडवतो, पातं मोज्यातून आत येईपर्यंत मशीनला काहीच कळत नाही, आणि मोजा पात्यात अडकून हात ओढला जातो तो वेगळाच.

निवळीकर
दोघांनाही मनापासून धन्यवाद, दोनदा वाचलं. रंधेवाला, "बोटं मोजली" वाचून पोटात गोळा आला.

एक राहिलंच, ५ मिलीसेकंद म्हणजे नक्की किती कापतं? व्हिडिओत सॉसेजला नुसता ओरखडा दिसतो पण तिथे माणूस हळूच लावतो ना. घाईत हात गेला तर? आणि पास कोण करतं ते अजून कोणी सांगितलं नाही.

मानकवाचक
हा माझा विषय. न्यू जर्सीत प्रॉडक्ट टेस्टिंगच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. निवळीकर, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. वेग हाच या सगळ्या मान्यतेचा गाभा आहे.

साधा हिशोब आहे. लाकूड ढकलताना हात सेकंदाला ३० सेंमीने सरकत असेल तर ५ मिलीसेकंदात बोट दीड मिमी आत जातं, म्हणजे जखम होते, टाका पडू शकतो, पण बोट राहतं. सेकंदाला १ मीटर असेल तर ५ मिमी. किकबॅक झाला, म्हणजे पात्याच्या मागच्या दात्यांनी लाकूड पकडून तुमच्याकडे फेकलं आणि त्याबरोबर हात पात्यावर ओढला गेला, तर वेग सेकंदाला ३ मीटरसुद्धा होऊ शकतो, मग १५ मिमी. बोटाची जाडी तेवढीच असते. म्हणून "या मशीनवर बोट जातच नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सावकाश हात लागला तर ओरखडा, वेगात लागला तर खोल जखम, असं ते आहे.

आता मान्यता. अमेरिकेत टेबल सॉ विकायला सरकारचा परवाना लागत नाही. दुकानातल्या सॉवर यूएल या तपासणी करणाऱ्या संस्थेचा किंवा तशाच दुसऱ्या लॅबचा शिक्का असतो. कामाच्या ठिकाणी वापरायच्या विजेच्या उपकरणांसाठी मान्यताप्राप्त लॅबची तपासणी ओशा, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणारं सरकारी खातं, मागते, आणि घरगुती मालातही मोठी दुकानं सहसा शिक्क्याशिवाय माल घेत नाहीत. या शिक्क्यासाठी जे मानक, म्हणजे तपासणीचे ठरलेले नियम, असतात त्यात इन्सुलेशन, मोटरचं तापणं, स्विच, गार्ड, रायव्हिंग नाइफ हे सगळं तपासलं जातं. रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्यामागची ती पातळ पट्टी, चिरलेली फट मिटू नये म्हणून असते, आणि पात्याबरोबर वर-खाली होते. २००८ पासून नव्या डिझाइनच्या सॉवर ती सक्तीची झाली, आणि मला विचाराल तर किकबॅकच्या बाबतीत तिच्याइतकं काम दुसरं कुठलंच साधन करत नाही. पण बोट ओळखून थांबणारं यंत्र असलंच पाहिजे असं ते मानक म्हणत नाही.

तसं म्हणायचा प्रयत्न ग्राहक सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने केला, आणि ती गोष्ट बावीस वर्षं चालली. स्टीफन गॅस नावाच्या ओरेगनमधल्या माणसाने १९९९ मध्ये हे शोधलं. तो भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, पेशाने पेटंट वकील आणि हौशी सुतार. २००० मध्ये अटलांटाच्या प्रदर्शनात त्याने सॉसेज लावून दाखवलं, पुढे कॅमेऱ्यासमोर स्वतःचं बोटही लावलं. मोठ्या कंपन्यांनी लायसन घ्यावं म्हणून तो फिरला, जमलं नाही, मग सॉस्टॉप नावाने स्वतःच मशीन बनवायला लागला आणि २००४ मध्ये पहिलं बाजारात आलं. मधल्या काळात २००३ मध्ये त्याने आयोगाकडे अर्ज केला होता की हे सगळ्यांना सक्तीचं करा. आयोगाने २०११ मध्ये प्राथमिक सूचना काढली, २०१७ मध्ये नियमाचा मसुदा, २०२३ मध्ये सुधारलेला मसुदा. आणि २०२५ मध्ये तो मसुदा मागे घेतला गेला. म्हणजे आजही सक्ती नाही.

त्या मसुद्यातली चाचणी मात्र मला फार योग्य वाटते. बोटाऐवजी एक प्रोब घ्यायचा, जो विजेच्या दृष्टीने माणसाच्या शरीरासारखा वागेल, तो फिरत्या पात्याकडे सेकंदाला १ मीटर वेगाने न्यायचा आणि पात्याने तो ३.५ मिमीपेक्षा खोल कापता कामा नये. बस्स. यात कपॅसिटन्स वापरा, कॅमेरा वापरा, पातं थांबवा की खाली पाडा, काही सांगितलेलं नाही. तंत्र तुमचं, निकाल आमचा. आम्ही लॅबमध्ये नेहमी म्हणायचो की मानक असंच लिहिलं पाहिजे. आणि ३.५ मिमी या आकड्यात सगळं आलं, कारण तेवढ्या जखमेवर डॉक्टर साधे उपचार करू शकतो, बोट परत जोडायची वेळ येत नाही.

सगळ्यांवर का नाही याची कारणं तीन-चार एकात एक गुंतलेली आहेत. खर्च हे एक. असं मशीन साध्या जॉबसाइट सॉच्या, म्हणजे कामावर उचलून न्यायच्या सॉच्या, दोन-तीन पट किमतीला जातं. पेटंट हे दुसरं, आणि तेच मोठं. कंपन्यांचं म्हणणं होतं की सक्ती केली तर सगळ्यांना एकाच पेटंटवाल्याच्या दारात उभं राहावं लागेल. बॉशने २०१६ च्या आसपास रीॲक्स नावाचा सॉ आणला होता, त्यात ठोकळा नव्हता, एअरबॅगसारखं छोटं गॅसचं कार्ट्रिज पातं झटक्यात खाली पाडायचं आणि पातं शाबूत राहायचं. पण ओळखण्याच्या पद्धतीवरून पेटंटचा दावा लागला आणि २०१७ मध्ये व्यापार आयोगाने त्याची आयात थांबवली. इंजिनिअर म्हणून मला त्याचं वाईट वाटतं, ते चांगलं काम होतं. २०२४ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगासमोर सॉस्टॉपच्या प्रमुखाने जाहीर केलं होतं की नियम लागू झाला तर मुख्य पेटंट सगळ्यांना खुलं करू. नियमच आला नाही.

कायद्यातली अटही कडक आहे. ऐच्छिक मानक पुरेसं नाही हे आयोगाला दाखवावं लागतं आणि फायदा खर्चाच्या मानाने वाजवी आहे हेही मांडावं लागतं. आयोगाच्या स्वतःच्या अंदाजानुसार वर्षाला ३० हजारांहून जास्त माणसं टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन इमर्जन्सीत येतात. माझ्या मते हा आकडा पुरेसा होता. बॉस्टनच्या ज्युरीने २०१० मध्ये फरशीचं लाकूडकाम करणाऱ्या एका कामगाराला १५ लाख डॉलर भरपाई दिली, म्हणणं हेच की असं तंत्र उपलब्ध असताना सॉवर का नव्हतं, आणि वरच्या कोर्टाने २०११ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्याने चर्चा खूप झाली, नियम नाही झाला.

ब्लॅकफॉरेस्टवाली
छान धागा. मी जर्मनीत आहे, नवरा टिश्लर म्हणजे सुतार, त्यांच्या कारखान्यात मी ऑफिस आणि सेफ्टीचे कागद बघते. इथली बाजू थोडक्यात सांगते.

युरोपात लाकडाची गोल करवत मशिनरीच्या कायद्यात "जास्त धोक्याच्या" यादीत आहे, म्हणजे सुरक्षिततेच्या नेहमीच्या सीई शिक्क्यापेक्षा कडक पद्धत. एकतर ठरलेलं मानक तंतोतंत पाळायचं नाहीतर बाहेरच्या अधिकृत संस्थेकडून मशीनचा नमुना तपासून घ्यायचा. पातं बंद केल्यावर १० सेकंदांत थांबलंच पाहिजे ही पण अट असते. बोट ओळखणं सक्तीचं इथेही नाही, पण सुतारांचा अपघात विमा सगळ्यांना घ्यावाच लागतो आणि विमावाले स्वतः कारखान्यात येऊन बघतात, त्यामुळे मालकाला फरक पडतो.

मोठ्या मशीनवर आता वेगळी तंत्रं आलीत. फेल्डर कंपनीचं एक आहे, २०१९ ला हॅनोव्हरच्या लिग्ना प्रदर्शनात मी स्वतः बघितलं, हात पात्याला लागायच्या आधीच, जवळ आल्यावरच ओळखतं आणि इलेक्ट्रोमॅग्नेटच्या जोराने पातं खाली जातं. काहीच तुटत नाही, बटण दाबून परत वर. आल्टेनडॉर्फ कंपनीचं दुसरं, त्यात पात्याच्या वर कॅमेरे असतात, हात ओळखायला शिकवलेलं सॉफ्टवेअर असतं, हात धोक्याच्या भागात शिरला की पाव सेकंदात पातं टेबलाखाली. पाव सेकंद ऐकायला जास्त वाटतं पण ते हात लांब असतानाच सुरू होतं ना. ओलं लाकूड असो की ॲल्युमिनियम, कॅमेऱ्याला फरक पडत नाही. किमती मात्र कारखान्याला परवडतील अशाच, गॅरेजसाठी नाहीत.

आणि एक सांगू का, इथे शिकाऊ पोरांना मशीनचा वेगळा कोर्स केल्याशिवाय करवतीला हात लावू देत नाहीत. पुश स्टिक, म्हणजे हाताऐवजी फळी ढकलायची काठी, हुकावर लटकलेली नसेल तर नवरा काम थांबवतो. मला तो आग्रह फार आवडतो.

मिस्त्री_मिरज
राम राम. मी मिरजेत, वीस वर्षं फर्निचरचं काम करतोय. वरचं सगळं वाचलं, चांगलं वाटलं, पण निवळीकर दादांच्या भावाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडं साईटवर टेबल सॉ म्हणजे काय असतं सांगतो, प्लायच्या तुकड्याला खाच पाडायची आणि खालून मार्बल कटर उलटा स्क्रूने आवळायचा. कटरचा गार्ड काढलेला, कारण तो ठेवला तर प्लायमधून वर येत नाही. स्विचवर दोरी नाहीतर लॉक दाबलेलं. त्या कटरचे फेरे मिनिटाला १२ हजारांच्या वर असतात, बनवलाय फरशीसाठी, हातात धरून. मी पण पाच वर्षं तसंच केलंय. माझ्या एका सोबत्याचा अंगठा त्यात गेला, तेव्हापासून माझ्या साईटवर तो प्रकार बंद म्हणजे बंद. पोरं कुरकुरतात, म्हणतात खरं मशीन इतक्या लांब कुठं न्यायचं. मी ऐकत नाही.

२०२५ पर्यंत कायदा होता, फॅक्टरी ॲक्ट १९४८ चं कलम २१, धोक्याचा फिरता भाग झाकलाच पाहिजे म्हणून. पण आमच्यासारख्या चार-सहा माणसांच्या वर्कशॉपला तो कायदा बहुतेक वेळा लागूच होत नव्हता, तेवढे कामगारच नसतात. म्हणजे बघायला कोण येत नाही, आपणच बघायचं.

ते बोट ओळखणारं भावाच्या जुन्या मशीनवर बसंल का, एवढं सोल्डरगन साहेबांनी सांगावं.

सोल्डरगन
मिस्त्री, तुमचं वाचून खरंच आदर वाटला. नाही बसणार हो. वरून काही चिकटवायचं यंत्र नाहीये ते. पातं आणि शाफ्ट बाकीच्या मशीनपासून विजेने वेगळं असावं लागतं, साध्या मशीनमध्ये शाफ्ट सरळ लोखंडी बेअरिंगमध्ये असतो, म्हणजे पातं आधीच अख्ख्या मशीनला आणि अर्थिंगला जोडलेलं, तुमच्या १०० पिकोफॅरडचा त्याला पत्ताही लागणार नाही. शिवाय ब्रेक पडतो तेव्हाचा धक्का सोसायला खालचं सगळं कास्टिंग तसं बनवलेलं लागतं. ऑनलाइन कुणी "सेन्सर किट" म्हणून काही विकत असेल तर कृपा करून घेऊ नका, त्याच्या भरवशावर हात सैल पडेल.

मिस्त्री_मिरज
बरोबर. मग भावाला हे सांगा. एक, रायव्हिंग नाइफ. जुन्या मशीनला नसेल तर लेथवाल्याकडून पट्टी बनवून घ्या, पात्याच्या बॉडीपेक्षा जरा जाड आणि दात्याच्या कापापेक्षा जरा पातळ, नाहीतर लाकूडच अडकंल. दोन, स्टार्टर. साधा खटक्याचा स्विच असेल तर आजच काढा. आमच्याकडं लाईट जाते, माणूस स्विच चालू ठेवूनच अडकलेली पाचर काढायला वाकतो, आणि लाईट येते. माझ्या समोर झालंय, हात दोन इंचावर होता. पुशबटणाचा स्टार्टर असला की लाईट आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण परत दाबावं लागतं. तीन, समोरून चिरलेली फळी ओढायला उभा असतो त्या पोराला सांगा की ओढायचं नाही, नुसतं धरायचं. आमच्याकडं निम्मे हात ओढताना जातात. आणि पुश स्टिक सागाची नको, प्लायची करा, कापली गेली तरी फुटून उडत नाही.

निवळीकर
काय बोलू, एका प्रश्नाला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी वडिलांना व्हिडिओ कॉल लावून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की त्या दिवशी असं मशीन असतं तर वाचली असती का बोटं. मी मानकवाचकांचा हिशोब सांगितला, त्या दिवशी फळी उडाली होती, हात ओढला गेला होता, म्हणून नक्की नाही सांगता येत. त्यावर म्हणाले, "मागची पट्टी मीच काढून ठेवली होती, अडचण व्हायची." हे त्यांनी इतक्या वर्षांत आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. भाऊ मागेच उभा होता, त्याने ऐकलं.

मी ब्रेकवाला सॉ घेतोय, पुढच्या महिन्यात, एक जादा कार्ट्रिज बरोबर. बायपासची किल्ली वेगळी काढून घरात वरच्या कपाटात ठेवणार, पोरीच्या आणि माझ्या दोघांच्याही सहज हाती लागू नये अशी. भावाच्या मशीनची जुनी पट्टी माळ्यावर सापडली, गंजलीय, लेथवाल्याने नवी करून द्यायची कबूल केलीय. स्टार्टरसाठी मंगळवारी वायरमन येतोय. मिस्त्री, तीन एचपीच्या सिंगल फेज मोटरला कुठला स्टार्टर घ्यायचा तेवढं सांगा, त्याला मी पैसे पाठवतो.

मिस्त्री_मिरज
सिंगल फेजचाच डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणारा स्टार्टर घ्या, त्यातला ओव्हरलोड रिले, जादा करंट झाला की मोटर बंद करतो तो, मोटरच्या पाटीवर जेवढे अँपियर लिहिलेत त्यावर सेट करायला सांगा, अंदाजाने नको. आणि लाल बटण मोठं, गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर लावा, दोन्ही हात फळीवर असतात तेव्हा तेच कामाला येतं. वायरमनला अर्थिंग पण बघायला लावा.